कौदीचं पोट

दसरा झाल्यावर भावजींचा पुण्याहून फोन आला. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वर्षश्राद्धाला येतो आणि परत जाताना अव्वाला घेऊन जातो, असं ते म्हणाले. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आठवेना, म्हणून गॅस बंद केला. भात कच्चा निघाला.

माझे यजमान गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. दुकानातून आले, जेवले, हात धुतले आणि खुर्चीवर बसले ते बसलेच. भेटायला येणारे आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. मी रडत नव्हते. आवरून धरलं होतं असंही नाही, आतून काही येतच नव्हतं. हुबळीच्या बाजारात आमचं अस्तर, फॉल आणि ब्लाउजपीसचं दुकान होतं, हिशेब मी बघत असे. ते दुकान मी बंद केलं. राहिलेला माल उचलून दिला. धारवाडला, मळमड्डीतल्या घरी, तीन वस्तू आल्या: एक स्टूल, कापड मोजायची लोखंडी पट्टी आणि फॉल लावायचं विजेचं लहान मशीन.

अव्वा शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, पण शेंगांना डोळे लागत नाहीत.

"काय म्हणतोय पुणेकर?"

"वर्षश्राद्धानंतर तुम्हाला नेणार म्हणाले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग जाऊ का मी?"

"तुम्हाला जिथं बरं वाटेल तिथं राहा, अव्वा."

"हे काय उत्तर झालं? गिऱ्हाइकानं विचारावं, हे घेऊ का ते घेऊ, आणि दुकानदारानं म्हणावं, आम्हाला दोन्ही सारखंच. असलं दुकान चालंल का गं?"

उत्तर चुकीचं नव्हतं. पण त्यांनी राहावं असं मला वाटतं की नाही, हे मी स्वतःला विचारून बघितलं आणि काहीच हाती लागलं नाही. घरात आम्ही दोघीच. त्या गेल्या तर एक. एवढं समजत होतं. त्यापुढे डबा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "त्याचे कपडे हायत न्हवं कपाटात?"

"आहेत."

"कुणाला देऊ नको. मला कौदी करून दे. जाताना घेऊन जाईन."

कौदी म्हणजे महाराष्ट्रातली वाकळ किंवा गोधडी. सासरचे लोक निपाणीकडून इथं आले तेव्हा वाकळच म्हणत असणार, आता सगळे कौदी म्हणतात. जुन्या मऊ कपड्यांचे थर घालायचे आणि हातानं टाके घालत शिवायची. कडेपासून सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. शेवटी मधोमध तळहाताएवढं तोंड उघडं राहतं. ते कौदीचं पोट. त्यात घरातल्या मोठ्या बाईनं पोळीचा तुकडा आणि चिमूटभर गूळ घालायचा आणि मग तोंड शिवायचं. पोट भरल्याशिवाय कौदी घराबाहेर जाऊ देत नाहीत. उपाशी कौदी पांघरणाऱ्याची झोप खाते म्हणतात. अव्वांनी अशा पुष्कळ कौद्या केल्या. घरातलं प्रत्येक मूल त्यांच्या कौदीत गुंडाळलं गेलं.

आता त्यांचे डोळे गेले होते आणि माझी बोटं. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर असतात. मनगटात शीर दबली आहे, लहानसं ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टर म्हणाले होते, ते राहून गेलं. हातातून सुई पडली तरी मला कळत नाही, ती पायाला टोचल्यावर कळते. म्हणून मशीन.

साध्या शिलाईनं एवढे थर शिवले तर कापड सरकतं आणि वळवता येत नाही. मोबाइलवर शोधल्यावर मोकळ्या हाताची शिलाई सापडली. सुईच्या खाली कापड पुढं ढकलणारे दाते असतात, ते खाली पाडायचे आणि कापड दाबून धरणारा नेहमीचा पाय काढून रफूचा पाय लावायचा. मग कापड कुणीच ढकलत नाही, आपण दोन्ही हातांनी हलवू तिकडं ते जातं. जिलबी पाडताना कढई जागेवर असते आणि हात फिरतो. इथं धार जागेवर असते आणि कढई फिरवायची असते. टाका लहान पडेल की मोठा, हे मशीन ठरवत नाही. पायाखालचा वेग आणि हाताचा वेग यांचं गणित जमलं तर टाका सारखा पडतो.

रफूचा पाय आमच्या मशीनबरोबर आलेला नव्हता. मी तो आणायला हुबळीच्या कमरीपेठेत गेले. मशीन दुरुस्त करणारे तिथले गृहस्थ आमच्या दुकानाचं काम करायचे.

"काय शिवणार अक्का?"

"कौदी."

"मिशनवर?" ते कन्नडमध्ये शेजारच्याला म्हणाले, "बघ, आता कौदीपण करंटवर." मग माझ्याकडे वळून, "हातानं करा की. कौदीला काय घाई असते?"

"घाई आहे," मी म्हटलं.

त्यांनी डब्यातले पाय उलथेपालथे करून एक काढला, सुईला लागत नाही ना ते चाक हातानं फिरवून दाखवलं, आणि साहेब कसे आहेत, असं विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते उभे राहिले. मला वाटलं, आता मला काहीतरी होईल, पण झालं नाही. मी पाय पर्समध्ये टाकला आणि बस पकडली.

हुबळीहून येताना धारवाडच्या अलीकडे रायापूर आलं की हे घरी फोन करायचे. "रायापूर," एवढंच म्हणायचे. मग मी भात लावायची. घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत भात वाफेवर असायचा. त्या दिवशी बस रायापूरला थांबली तेव्हा मी फोन बाहेर काढला, किती चार्ज आहे ते बघितलं आणि परत ठेवला.

घरी पोचले तर अव्वा म्हणाल्या, "रायापूरला फोन करायचा न्हाईस? भात लावला असता."

पहिले काही दिवस जुन्या चादरीच्या तुकड्यांवर सराव केला. वरून शिलाई बरी दिसायची, उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. वरचा दोरा सैल होता. तो घट्ट केला तर तुटायला लागला. सुई बदलली, दोरा बदलला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं, कारण दोन बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही. टाके मोजले. एका इंचात कुठं चार, कुठं बावीस. कापड हातातून निसटायचं, कारण बोटांना पकड कळत नव्हती. मग दुकानातल्या नोटा मोजायच्या रबरी टोप्या आठवल्या. त्या बोटांत घातल्यावर कापड हलायला लागलं. पुढच्या आठवड्यात इंचाला आठ ते अकरा टाके पडू लागले. मला तेवढं चाललं.

मोबाइलवरच्या बाई नागमोडी रेघ शिकवायच्या. रेघ वळत वळत सगळी जागा भरते, पण स्वतःला कुठंच ओलांडत नाही. पुढं कुठं जायचं ते दोन वळणं आधीच बघून ठेवायचं, नाही तर कोंडीत सापडतो. हे काम मला मानवलं. ते करताना दुसरं काही सुचत नव्हतं.

अव्वा येऊन त्या रेघेवरून बोट फिरवायच्या. "काय गं ही जिलबी पाडलीस?"

"अशीच असते."

"सरळ टाका काय वाईट होता?"

"मशीनवर हेच सोपं जातं."

"सोपं म्हणून जिलबी. बरं. पाकात टाकायचं इसरू नको."

एकदा शिवताना पांढऱ्या तुकड्यावर लाल ठिपका दिसला, मग दुसरा. सुई तर्जनीच्या टोकातून गेली होती. मी मशीन थांबवलं. बोट धुतलं, चिंधी बांधली. दुखत नव्हतं.

"कुठं लागलं?" अव्वांनी चिंधी चाचपत विचारलं.

"बोटाला. कळलंच नाही."

"तुला हल्ली काय कळतंय?" त्या म्हणाल्या आणि चिंधीची गाठ सोडून परत घट्ट बांधली.

कपाटातून कपडे काढले. अकरा सुती शर्ट, चार लुंग्या, दोन धोतरं. शर्टांच्या खिशांत काही सापडलं नाही. सगळे विचारतात म्हणून लिहिते. बसचं तिकीटसुद्धा नव्हतं, कारण कपडे मीच धुवायची आणि धुण्याआधी खिसे मीच तपासायची. कॉलर आणि पट्ट्या कापून टाकल्या, तिथं जाडी येते. एक खिसा तसाच ठेव असं अव्वा म्हणाल्या, तो ठेवला. वर शर्टांचे आणि लुंग्यांचे चौकोन, मध्ये धोतरांचे थर, खाली अव्वांचं जुनं नऊवारी इरकल. साडेसहा फूट बाय पाच. थर हलू नयेत म्हणून सगळीकडून लांब लांब धावदोरा घातला. मधला एक चौकोन, त्यांच्या निळ्या शर्टाच्या पाठीचा, एका बाजूनं मोकळा सोडला. ते पोट.

मोबाइलवरच्या बाईंनी सांगितलं होतं की शिलाई मधून सुरू करायची आणि बाहेर जायचं. मी ते ऐकलं होतं. पण त्या रजई शिवत होत्या आणि मी कौदी. कौदी कडेनं सुरू होते हे घरातल्या चार पिढ्यांना माहीत होतं, आणि पोट शेवटी भरायचं असतं. मधून सुरू केलं तर पोट आधीच शिवून जाईल. विचार बरोबर वाटला. मी कडेनं सुरू केलं.

हातानं शिवताना कापड आपल्या मांडीवर असतं, प्रत्येक टाक्याला ते थोडं सैल होतं आणि जागेवर बसतं. मशीनचा पाय तसं करत नाही. तो प्रत्येक फेरीला वरचं कापड सुताएवढं पुढं लोटतो. ते सूत मला दिसलं नाही. कडेनं एक फेरी, दुसरी, तिसरी, आणि वरचं सगळं जास्तीचं कापड आत आत ढकललं गेलं. दोन आठवड्यांनी मी मध्यावर आले तेव्हा तिथं परातीएवढा फुगा उभा होता. धावदोरा त्याच्यावर ताणून बसला होता. दाबला की शेजारी वर यायचा.

मी मशीन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. उसवायचं तर मधून बाहेर निदान पाच-सहा फेऱ्या, म्हणजे काही हजार टाके, आणि मशीनचा टाका हाताच्या टाक्यासारखा ओढून निघत नाही.

"आवाज का थांबला?" अव्वा आल्या.

"चुकलं."

"काय चुकलं?"

मी त्यांचा हात धरून फुग्यावर ठेवला. त्यांनी तो चहूबाजूंनी चाचपला, दाबला, सोडला, परत दाबला. खिसा कुठं आहे ते शोधलं. परत फुग्यावर आल्या.

"पोट सुटलंय," त्या म्हणाल्या.

मी सुईखालचा दोरा कापला.

"त्याचंबी सुटलं होतं की. पस्तिशीनंतर. मी म्हणायची, अरे फॉल इकतोस का भजी? तर म्हणायचा, अव्वा, गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावरही त्यांचा हात फुग्यावरच होता. बोटं थापटत होती, लहान मुलाला झोपवताना थापटतात तसं.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"उसवून परत शिवायला वेळ नाही. आहे तसं चालेल का?"

"मला चालंल. तुला चालतंय का बघ," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

वर्षश्राद्ध झालं. भावजी एकटेच गाडी घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मी वाटेत खायला पोळ्या आणि शेंगाचटणी करून डबा भरला. एका बशीत पोळीचा तुकडा आणि गूळ वेगळा ठेवला. सुईत दोरा ओवून ती उशीत खोचून ठेवली. अव्वांची पिशवी दारात होती, वर त्यांचा पितळेचा तांब्या, कारण दुसऱ्या भांड्यातलं पाणी त्यांना चालत नाही. कौदी मी पलंगावर पसरली होती.

"वा, वहिनी," भावजी म्हणाले. "हे तुम्ही शिवलंत? हा दादाचा निळा शर्ट ना?"

"हो."

"चल अव्वा. औषधं घेतलीस? ऊन चढायच्या आत बेळगाव गाठू."

"कौदी राहिलीय," अव्वा पलंगाच्या कडेला बसत म्हणाल्या.

"झालीय की."

"उपाशी हाय."

"मग घाल की पोळी. पाच मिनिटांचं काम."

"मी नुस्ती घालणार. तोंड शिवणार ती. तिला इचार झाली का."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. "झाली ना, वहिनी?"

बशी माझ्या हातात होती. ती अव्वांपुढं करायची, त्या तुकडा आत सरकवतील, मी सात-आठ टाके घालीन, घडी करीन, पिशवी गाडीत जाईल. सगळं क्रमानं दिसत होतं. अव्वा माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यांना तसंही दिसत नाही. त्यांचा हात त्या फुग्यावर होता.

"मधलं नीट झालं नाही," मी म्हटलं. "उसवायला लागेल."

"आता?"

"हो."

भावजी कौदीकडे वाकले. "थोडं फुगलंय, एवढंच ना? कुणाला दिसणारे?"

"मला दिसतं."

"बरं. किती वेळ लागेल?"

मला ते माहीत होतं. फुगा दिसला त्या रात्रीच काढून ठेवलं होतं, फेऱ्यांची लांबी, इंचाला टाके, मिनिटाला किती टाके उसवतात, सगळं. आयुष्यात मला कुणी किती असं विचारलं आणि मी आकडा दिला नाही, असं झालेलं नाही.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"अंदाजे?"

"नाही सांगता येत, भावजी."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी कन्नडमध्ये घासाघीस करत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"हिला आकडा सांगता येत न्हाई," अव्वा म्हणाल्या, "म्हंजे लई येळ लागणार बघ."

भावजींनी गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. ते काही लहान नाहीत, पन्नाशीला आलेत. "मग मी पुढच्या महिन्यात येऊ?" त्यांनी विचारलं, पण ते कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"ये की. जेवायला ये," अव्वा म्हणाल्या.

भावजींनी पिशवी उचलून आत ठेवली. डबा घेतला. पाया पडले. जाताना मला म्हणाले, "काही लागलं तर सांगा, वहिनी," आणि मी हो म्हटलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात उभी राहिले. मला हलकं वाटतंय का, हे बघितलं. तसं काही म्हणता येणार नाही.

आत आले तर अव्वांनी पिशवीतून तांब्या काढून खिडकीत त्याच्या जागेवर ठेवला होता.

"ती बशी कुठं गेली?"

"इथं आहे."

"आण इकडं. आणि चहा टाक."

चहा झाल्यावर कौदीच्या पोटात जायचा तो पोळीचा तुकडा त्यांनी चहात बुडवून खाल्ला. गूळ माझ्या हातावर ठेवला.

भावजींचा फोन येतो तेव्हा ते विचारतात, झाली का कौदी. मधलं राहिलंय, असं मी सांगते, आणि ते खरं आहे. दुपारी उजेड असतो तेव्हा मी थोडे टाके उसवते, थोडे परत घालते, रोज नाही. थंडी आहे, म्हणून अव्वा ती तशीच पांघरतात. फुगा त्यांच्या पोटावर येतो.

मागच्या आठवड्यात निळा दोरा संपला म्हणून हुबळीला गेले होते. परत येताना रायापूरला बस थांबली. मी फोन काढला आणि लावला.

"रायापूर," मी म्हटलं.

"लावलाय," अव्वा म्हणाल्या, आणि फोन ठेवला.